घरची पाच वाक्यं

धाड, ६ जानेवारी २०२५

नागसेन,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. तुमच्याकडे 'जय भीम' लिहितात. मी तुला तू आठवीत होतास तेव्हापासून 'अनेक आशीर्वाद' लिहीत आलो. आज दोन्ही लिहून खोडले आणि नुसतं नाव ठेवलं.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझा नंबर बंद केला आहेस, हेही माझ्या बायकोने, शैलजाने, परवा समजावून सांगितलं. इतके दिवस मला वाटत होतं, नाशिकला नेटवर्क वाईट असावं. तुझंही खरं आहे. तुझी आई, सिंधूताई, गेल्या तेव्हा तू उभ्या-उभ्या आलास आणि बापाकडे न बघता परत गेलास. त्यानंतर मी दर रविवारी तुला 'वडिलांशी बोल' असे निरोप धाडत राहिलो. कोणीही वैतागेल. पण टपालाला तुला कुलूप घालता येत नाही, म्हणून हे रजिस्टर पत्र.

कामाचं आधी. तुझ्या वडिलांची, भाऊरावांची, तब्येत बरी नाही. डिसेंबरात दोनदा बुलढाण्याला ॲडमिट झाले. हृदय थकलंय, असं डॉक्टर सांगतात. खामगावच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाले, पण ते जायला तयार नाहीत. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "कोनासाठी दाखू, मास्तर?" मी त्यांच्या पायाशी पडलेली चादर घडी करून ठेवली आणि आलो.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. रविवारी संध्याकाळी बापाने मयुरीला सगळ्या गल्लीसमोर झापलं, 'दहावी झाली की शाळा बंद' म्हणून ओरडले. मंगळवारी सकाळी तुझी बहीण शाळेच्या विहिरीत सापडली. मधल्या सोमवारबद्दल भाऊराव अकरा वर्षं एकच सांगत आलेत: "सोमवारी सकायी मी तिले हो म्हनलो होतो. जाय बुल्डान्याले, शिक, म्हनलो." त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. तुझा बसला नाही, आणि सिंधूताई तर त्यावर विश्वास न ठेवताच गेल्या. 'पोरगी गेल्यावर आता हो म्हणून काय उपयोग,' असं गावातही तोंडावर बोलले लोक.

मला असं वाटतं की भाऊराव खोटं बोलत नसावेत. असं वाटायला माझ्याकडे कारण आहे, ते म्हणजे एकंदरीत त्यांचा स्वभाव, आणि तसं पाहिलं तर इतरही काही गोष्टी ज्या त्या वेळी

असो. म्हातारपणी पत्र भरकटतं.

मी अजून सकाळी शिकवणी घेतो. दहावीच्या सात मुली आहेत. तूही आता ज्युनिअर कॉलेजात हेच शिकवतोस, म्हणून विचारतो: क्लॉज शिकवताना तू कुठून सुरुवात करतोस? मी अजून माझ्याच जुन्या पद्धतीने करतो. मेन क्लॉज आपल्या पायावर उभं राहतं, सबऑर्डिनेट क्लॉजला कशाचा तरी आधार लागतो. आधार काढला की ते अधांतरी. 'व्हेन' होतं, 'बिकॉज' होतं, 'इफ' होतं. 'दो'चं जरी-तरी आलं की माझा खडू थांबतो. मागच्या आठवड्यात फळ्यावर 'दो' लिहिलं आणि पुढे हातच चालेना. मुली वाट बघत बसल्या. शेवटी मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही." अरे, दरवर्षी येतं.

तू ये. एवढंच सांगायचं होतं.

मार्तंड सर


धाड, २५ जानेवारी २०२५

नागसेन,

लिफाफ्यावर तुझं अक्षर बघून मला इतका आनंद झाला की तो फोडताना आतलं पत्रही थोडं फाडलं. मग दिसलं, ते माझंच पत्र होतं. माझ्या 'ज्या त्या वेळी'खाली तू लाल रेघ मारली आहेस आणि समासात माझाच शेरा लिहिला आहेस: 'वाक्य पूर्ण करा.' दुसरं अक्षर नाही.

तुझ्या वह्यांवर हा शेरा मी कमीत कमी दोनशे वेळा लिहिला असेल. करतो पूर्ण.

मयुरीची इंग्रजीची वही माझ्याकडे आहे. कपाटात वरच्या कप्प्यात, माझ्या लग्नाच्या सुटाखाली. अकरा वर्षं तिथेच आहे. तुम्ही सगळ्यांनी घर उलथंपालथं केलंत, पोलिसांनी तिचं दप्तर पालथं केलं, तिने काही लिहून ठेवलंय का म्हणून. तू माझ्याकडेही आला होतास. माझ्या ओट्यावर बसून विचारलंस, "सर, तुम्हाले काही बोलली होती का हो ती?" मी म्हणालो, "नाही रे." बोलली नव्हतीच. तिने लिहिलं होतं.

माझी पद्धत तुला आठवत असेल. गाइडमधली वाक्यं मला चालत नसत. दर सोमवारी प्रत्येकाने घरची पाच वाक्यं लिहून आणायची, आपल्या घरात घडलेली, आणि त्यातलं मेन कोणतं, सबऑर्डिनेट कोणतं, ते खाली दाखवायचं. या पद्धतीचा मला मोठा तोरा होता. तालुक्याच्या शिबिरात मी त्यावर भाषण ठोकलं होतं. मुलं काय काय लिहायची! कोणाची म्हैस व्याली, कोणाचा मामा दारू पिऊन आला, कोणाच्या आत्याने दागिने परत मागितले. सगळ्या गावाची खबरबात माझ्या टेबलावर यायची आणि मी त्यातले स्वल्पविराम दुरुस्त करायचो.

मयुरीची शेवटची वाक्यं सोमवारची, १० फेब्रुवारी २०१४ ची. वर तिने स्वतः तारीख घातली आहे. तिने लिहिलेलं मराठीत देतो.

माझी पाळी येते तेव्हा मी सरांचा माठ भरते.

दगड हलतो तरी मी त्याच्यावर उभी राहते.

माझा हात चाकाला पोचत नाही कारण मी बुटकी आहे.

माझे वडील काल ओरडले पण सकाळी ते हो म्हणाले.

मी बुलढाण्याला जाईन तेव्हा नागसेनदादा मला डिक्शनरी देणार आहे.

चौथं वाक्य तू पुन्हा वाच. मी थांबतो.

भाऊराव खरं बोलत होते, नागसेन. पहिल्या दिवसापासून. ज्या घराने त्यांना खोटं ठरवलं त्या घरातल्याच मुलीने ते सोमवारी सकाळी लिहून ठेवलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. जिला कॉलेजात जायचं होतं, जिला डिक्शनरी मिळणार होती, ती मुलगी विहिरीत उडी मारायला गेली नव्हती. ती माझा माठ भरायला गेली होती.

आता माठाचं सांगतो, कारण ते तुला अर्धंच माहीत आहे. स्टाफरूमचा माठ मुलांनी हजेरीच्या नंबराप्रमाणे भरायचा, ही आपल्या शाळेची जुनी रीत. पण मी रुजू झालो तेव्हा नंबर म्हणायचे आणि काही नावं गाळून पुढे जायचे. तुमच्या वस्तीतली सगळी गाळायची. कोणी तोंडाने बोलायचं नाही, आपसूक व्हायचं. मी ते मोडून काढलं. भिंतीवर यादी लावली, सगळ्या बेचाळीस नावांची, आणि सांगितलं, एकही नाव गाळलं तर मी इथलं पाणी पिणार नाही. दोन मास्तर घरून बाटल्या आणायला लागले. मी मुद्दाम त्यांच्यासमोर दोन-दोन पेले प्यायचो. मयुरीची माठ भरायची पहिली पाळी आली त्या दिवशी भाऊराव शेतातून मुद्दाम शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले होते. मला म्हणाले, "माह्या पोरीच्या हातचं पानी सारे मास्तर पेतात, ऑं?" त्यांचा तो चेहरा मी माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई समजत होतो. सगळ्यांनी सारखं पाणी भरावं, इथवर माझी अक्कल चालली. मास्तरांनी आपलं आपण भरावं, हे काही सुचलं नाही.

विहिरीचा कठडा उंच. बुटक्या मुलांचा हात चाकाच्या दोराला पोचावा म्हणून कोणीतरी पूर्वी एक चौकोनी दगड कठड्याला लावून ठेवला होता. त्या दगडावर उभं राहिलं की कठडा मांडीपर्यंत येतो. बादली ओढून घ्यायला पुढे वाकायचं. दगड कलंडला की संपलं. माणूस गेल्यावर दगड पुन्हा आपल्या जागी बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या उंच कठड्यावरून कोण चुकून पडेल!

वही मी सोमवारीच तपासली होती. साडेचारची काळीपिवळी जीप गाठायची होती आणि बेचाळीस वह्या होत्या. मयुरीच्या दुसऱ्या वाक्यात 'शेक्स' होतं. ते खोडून मी वर लाल पेनाने 'इज लूज' लिहिलं. म्हणजे बघ, दगड कसा आहे हे मला इतकं नेमकं कळलं होतं की त्यासाठी योग्य शब्द मी सुचवला. चौथ्या वाक्यात तिने 'ऑलदो' लिहून पुढे पुन्हा 'बट' लिहिलं होतं, आपली सगळीच मुलं लिहितात. तो 'बट' मी कापला. आणि खाली शेरा दिला: 'पहिली तीन वाक्ये शाळेची आहेत. घरची लिही.' त्याचे दोन मार्क कापले. दहापैकी आठ.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी स्टाफरूममध्ये आलो, माठाचं झाकण उचललं, आत पेला घातला तर तो तळाला आपटला. रिकामा. मी चिडून यादीकडे बघितलं आणि ओरडलो, "या मयुरीला कोणीतरी शिस्त लावा रे." त्या वेळी ती पाण्यात होती.

दगडाचं मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. वही तपासली पण वाचली नाही, हा माझा गुन्हा. मग ती वाचली आणि लपवली, हा दुसरा. शाळेवर आलं असतं, माझ्यावर आलं असतं, माझी पाळीची यादी, माझी पद्धत. नोकरीची चार वर्षं राहिली होती.

शैलजाला सगळं ठाऊक आहे. त्या आठवड्यातच तिने वही बघितली. घरातला माठ तिने उचलून परसात ठेवला आणि त्यात तुळस लावली. तेव्हापासून आमच्याकडे स्टीलचा फिल्टर आहे.

मार्तंड


धाड, १२ फेब्रुवारी २०२५

नागसेन,

माझं दुसरं पत्रही परत आलं. या वेळी एकाच ओळीखाली रेघ: 'दगडाचं मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं.' पुढे प्रश्नचिन्ह. आणि खाली, 'वही पाठवा.'

तू चांगला मास्तर झाला असशील. मी ती ओळ लिहिताना पेन बदललं होतं, शाई संपली असं स्वतःलाच सांगत. ते तुला दिसलं की काय कोण जाणे.

भगवंतराव शिपाई तुला आठवतात. मागच्या वर्षी गेले. जानेवारी २०१४ मध्ये, संक्रांतीच्या आसपास, ते माझ्याकडे आले होते. मी तेव्हा मुख्याध्यापकांच्या रजेत शाळेचा चार्ज बघत होतो. म्हणाले, "सर, त्या इहिरीपासचा दगड डुगडुग करते. पोरी सांगून राह्यल्या. सिमेट आनू काय?" मी बोर्डाच्या परीक्षेची आसनव्यवस्था लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "परीक्षा होऊन जाऊ द्या." एवढंच. एका घमेल्याचं काम होतं.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी ते काम झालं. मीच सांगितलं. भगवंतरावांनी दगडाखाली सिमेंट घातलं, वरून गोणपाट टाकून पाणी मारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. नंतर ते निवृत्त होईपर्यंत आम्ही कामाव्यतिरिक्त एक शब्द बोललो नाही. आता विहिरीवर लोखंडी जाळी आहे. दगड अजून तिथेच आहे. मी निवृत्त झाल्यावरही दोनदा जाऊन त्यावर उभा राहून आलो. हलत नाही.

फौजदारांनी मला विचारलं होतं, "मुलगी चुकून पडली असेल काय, सर?" मी म्हणालो, "कठडा कंबरेच्या वर आहे, साहेब." यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी तेच लिहून घेतलं. पाळीची यादी मी त्याच दुपारी भिंतीवरून काढली होती. मुलांनी सांगितलं, तिची पाळी होती. तर लोक म्हणाले, पाळीचं निमित्त करून गेली. मी ऐकत उभा होतो. त्या गर्दीत भाऊराव एकेकाचा हात धरून सांगत होते, "मी हो म्हनलो होतो, मी हो म्हनलो होतो." माझाही हात धरला. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. नागसेन, मला त्या थोपटण्याची जेवढी लाज वाटते तेवढी बाकी कशाचीच वाटत नाही.

काल ११ तारीख होती. दरवर्षी त्या दिवशी मी सकाळी घराबाहेर पडतो आणि अकरा वाजून गेले की परत येतो, कुठे जायचं ते ठरलेलं नसतं. यंदा शिकवणीच्या मुलींना सुट्टी द्यायला विसरलो. एकीने वही पुढे केली. तिने 'दो'चं वाक्य लिहून आणलं होतं, मी शिकवलं नाही तरी. 'माझी आजी आजारी आहे तरी ती औषध घेत नाही.' मी लाल पेन उघडलं. पेन बंद करून विचारलं, "कोणतं औषध? का घेत नाही?" ती सांगायला लागली. त्या एकाच वाक्यावर आमचा अख्खा तास गेला. तिच्या बापाला फोन करून आजीला दवाखान्यात न्यायला सांगितलं. नोकरीत असताना हे असं एकदाही केलं नाही.

वही तुला पाठवतो. पण आधी ती भाऊरावांना वाचून दाखवायला हवी. तू नको म्हणशील, तुला वाटेल हा आणखी वेळ काढतोय. पण मी ते टाळून तुझ्याकडे वही धाडली तर तेही पळणंच होईल. दहा दिवस दे.

मार्तंड


धाड, २३ फेब्रुवारी २०२५

नागसेन,

काल जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो, माझ्या बाजूने काही सावरत नाही.

दुपारी बाराची काळीपिवळी धरली. भाऊराव दारातल्या खाटेवर बसले होते, पाय सुजलेले. मला बघून नेहमीसारखे उठायला लागले. मी बसवलं. त्यांनी स्वतः आत जाऊन पेलाभर पाणी आणून दिलं. धाप लागली त्यांना तेवढ्याने. मी ते प्यायलो.

वही पिशवीतून काढली. त्यांना लगेच ओळखू आली. कव्हरवर तिचं नाव आहे, आणि तिने कोपऱ्यात काढलेलं कमळ. त्यांनी ती हातात घेतली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मी सगळं सांगितलं. दगड, भगवंतराव, परीक्षा होऊन जाऊ द्या, यादी, फौजदार. सांगताना मधेच शाळेतल्यासारखा आवाज लागला माझा, तो मला ऐकू येत होता पण बदलता येत नव्हता. मग पाचही वाक्यं वाचली, आधी तिच्या इंग्रजीत, मग मराठीत. चौथं वाचलं तेव्हा ते मला म्हणाले, "फिरून." मी फिरून वाचलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. माझी तयारी होती. खरं सांगू, इच्छा होती. ते वहीवर वाकले आणि बोट पुढे करून म्हणाले,

"हे लाल कायचं हाय?"

"मी तपासलेलं, भाऊराव."

"म्हंजे?"

"म्हणजे... चुका दाखवलेल्या. दुरुस्त केलेलं."

त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही. ते फक्त लाल बघत होते. मग माझ्याकडे बघून अगदी साधं विचारलं, एखादा बाप पालकसभेत विचारतो तसं.

"काय चुकलं होतं तिचं, मास्तर?"

छत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. मी मान खाली घातली आणि रडलो. त्यांनी रडू दिलं.

मग मी म्हणालो, वही तुमची आहे, तुम्ही ठेवा. तर म्हणाले, "मले काय करायची? मले तं माहीतच होतं मी हो म्हनलो थे. ज्याले माहीत नाही त्याले धाडा."

तेवढंच. तुझं नाव घेतलं नाही. अकरा वर्षांत मी त्यांना तुझं नाव घेताना ऐकलेलं नाही, 'ज्याले' किंवा 'तो' म्हणतात.

ऊन चढलं होतं आणि बोलून-रडून माझा घसा कोरडा पडला होता. उठता उठता सवयीने म्हणालो, "भाऊराव, जरा पाणी मिळेल का?" माणूस मारेकरी असला तरी पाणी देतात तुमच्या घरी, हे मला ठाऊक आहे. त्यांनी दाराच्या आत हात दाखवला.

"माठ तिकडं हाय. आपल्या हातानं घ्या."

मी आत गेलो. चुलीशेजारी माठ आहे, त्यावर सिंधूताईंचा फोटो, शेजारी मयुरीचा दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला. मी झाकण उचललं, स्वतःच्या हाताने पाणी घेतलं आणि तिथेच उभ्याने प्यायलो. माठ अर्धा रिकामा होता. बाहेर हापशावरून दोन कळशा आणून मी तो भरला. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कोणाच्या घरचा माठ भरला. अर्धं पाणी सांडलं. भाऊराव बघत होते. थांबा म्हणाले नाहीत, राहू द्या म्हणाले नाहीत.

वही यासोबत आहे. झेरॉक्स काढायचा मोह झाला, काढली नाही.

नागसेन, ते फार दिवस नाहीत. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू पाया पडावंस, माफी मागावीस, असंही मी सांगणार नाही. ते सांगायचं तोंड मला नाही. त्यांना एकदा कोणीतरी म्हणायला हवं की तुम्ही खरं बोललात. माझ्या म्हणण्याला किंमत नाही. मला ते आधीपासून माहीत होतं.

मार्तंड


धाड, १६ मार्च २०२५

नागसेन,

तू गावात आहेस आणि मी तुला सहा किलोमीटरवरून टपालाने पत्र लिहितोय, हे कोणालाही हास्यास्पद वाटेल. पण तिथवर यायला पाय निघत नाही, आणि तू बोलावलेलं नाहीस.

मागच्या सोमवारी मी धाडच्या ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. चार पानं. दगड, यादी, वही, सगळं. ठाणेदार तरुण आहेत, त्यांनी वाचून विचारलं, "आजोबा, अकरा वर्षांनी मी आता याचं काय करू?" मी म्हणालो, "ते तुम्ही ठरवा. मला पोच द्या." पोच घेतली. तीच चार पानं शाळेला दिली. तिथे त्यांनी मला चहा विचारला नाही, ते बरं झालं. पुढे काय व्हायचं ते होईल, बोलावतील तेव्हा जाईन.

शैलजा परवा तुमच्याकडे येऊन गेली. मी पाठवलं नव्हतं. तिने मला सांगितलं तेवढंच लिहितो, चूक असेल तर तुला ठाऊक.

ती म्हणाली, भाऊरावांना तू खामगावला नेऊन आणलंस. डॉक्टरांनी औषधं बदलली आहेत. आशा फार दाखवली नाही, पण पायाची सूज उतरली. ती म्हणाली, तू तिला चहा केलास आणि माझ्याबद्दल एकही शब्द विचारला नाहीस. मी म्हटलं, साहजिक आहे.

मग ती भाजी निवडायला बसली. मी विचारलं, आणखी काय? तर तिने सांगितलं.

ती दारात पोचली तेव्हा तू आणि भाऊराव एकाच खाटेवर बसला होतात. वही तुझ्या मांडीवर उघडी होती. तू चौथं वाक्य वाचत होतास आणि भाऊराव डोळे मिटून ऐकत होते. तू संपवलंस की ते म्हणायचे, "फिरून." तू फिरून वाचायचास. शेवटचे शब्द आता त्यांनाही पाठ झाले होते. तू थांबलास की ते पुढचं स्वतःच म्हणायचे, "ही सेड येस. ही सेड येस." आणि तू म्हणायचास, "हाव बाबा. येस म्हनले तुम्ही."

शैलजाला इंग्रजी येतं, चांगलं येतं. ती दारात तशीच उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, तू माझं लाल एक अक्षर वाचत नव्हतास. तू ते वाक्य दरवेळी मयुरीने लिहिलं होतं तस्सं वाचत होतास, तिच्या चुकीच्या 'बट'सकट.

मार्तंड